पेटली तर सही करीन: घरगाडीतनं पोशीर ते साजगाव

नाय हो, गॅस संपला नव्हता. मागच्या वेळी मी घरगाडीतल्या या ऊबेच्या शेगडीचं नुसतं नाव काढलं तर खाली कमेंटीत सगळ्यांनी हेच विचारलं, आणि त्या सहलीतही रस्त्यात भेटेल तो माणूस हेच विचारत होता. गॅस भरपूर होता. त्याच टाकीवर, शेगडीच्या शेजारच्या चुलीवर आमी चहा केला, पोहे केले, बोंबील भाजले. चूल पेटत होती, शेगडी पेटत नव्हती. आता इतकं सांगितल्यावर तरी गॅसचं विचारू नका. पहिल्यापासून सांगते.

आजकाल तुमी लोक घरगाड्या भाड्यानं घेऊन हिंडता. आत पलंग, चूल, न्हाणी. फोटो बघते मी तुमचे. तर तशी गाडी आमच्या पोशीरला ऐंशी सालानंतर लवकरच आली होती, आणि तिच्यातनं फिरलेली गावातली पहिली बाई मी. दुसरी माझी धाकटी जाऊ विमल, पण ती सगळी वाट डोळे मिटून बसली होती, म्हणून तिला मी धरत नाय.

गाडी आणली विमलच्या नवऱ्यानं, म्हणजे माझ्या दिरानं, दत्ताराम भावजींनी. भावजी साजगावकडं एका कारखान्यात सुपरवायझर. तिथं मशिनी बसवायला एक जर्मन साहेब आला होता, आपलं घर गाडीत घालून देश फिरत फिरत. मशिनी बसल्या, साहेब विमानानं गेला, गाडी मागच्या आवारात पडून राहिली. तिच्यात कोंबड्या अंडी घालायला लागल्या तवा मॅनेजरनं ती भावजींच्या गळ्यात मारली. भावजी मात्र गावभर सांगायचे, "साहेबानं मला प्रेमानं दिली."

काय ती गाडी! फिकट हिरवी, तोंडाला चपटी, कुशीला फुगलेली. आत शिरलं की कोंबड्यांचा वास. पलंग असा की एका कुशीवर झोपलं तर दुसरी कुस बाहेर. आणि कोपऱ्यात, कपाटाखाली, ही शेगडी. पत्र्याची पेटी, पुढं जाळी, एक गोल बटण आणि आत बघायला बोटभर काच. थंडीत गाडी ऊबदार करायची म्हणे. "बटण दाबलं की पेटते," भावजी सांगायचे. कोळसा नाय, फुंकणी नाय, धूर नाय. साहेबाची टाकी रिकामी होती, म्हणून त्यांनी कारखान्याच्या लेथवर पितळेचा जोड काढून घेतला आणि आपली घरगुती लाल टाकी लावली.

आता या प्रेमाच्या गाडीमागचं खरं प्रेम ऐका. माझं घर रस्त्याला लागून हाय. दोन खोल्या आणि पुढं ओटा. आमच्या मालकांनी स्वतः विटा रचून बांधलेलं, म्हणून एक भिंत जरा वाकडी हाय, पण ते गेल्यावर मी ती भिंतही सरळ करू दिली नाय. ओट्यावर बसलं की कळंबला जाणारा, नेरळला जाणारा, भांडून माहेरी जाणारी, समजूत पटून परत येणारी, सगळी माझ्यासमोरनं जातात. आणि मी काहीतरी बोलल्याशिवाय कुणाला सोडत नाय. भावजींना त्या जागेवर भाताची गिरण टाकायची होती. विधवा बाईला रस्त्यावरची जागा कशाला, कळंबकडच्या शेतात ही गाडी उभी करतो, तिच्यात राहा, शेगडी हाय, ऊब हाय. असा त्यांचा बेत. कळंबच्या त्या शेतात बोलायला कोण? बगळे. बगळ्यांची काय चेष्टा करायची?

बेत त्यांनी गाडीच्या पूजेच्या दिवशी बोलून दाखवला, सगळी आळी जमलेली असताना. हार झाला, नारळ झाला, चाकाखाली लिंबं झाली. मग शेगडीची पाळी. आमच्याकडं नवी चूल मांडली की पहिला घास तिला द्यायचा. भावजी पुरणपोळीचा घास घेऊन आत गेले, जाळीसमोर वाकले, परत बाहेर आले.

"हिचं तोंड कुठाय?"

विमल गाडीला फेरी मारून आली. "अहो, हे काय! बाहेर हाय."

गाडीच्या कुशीला, शेगडीच्या बरोबर मागं, पत्र्याची एक गोल टोपी होती आणि तिला खालनं फट. कुणी ओठ उघडून बसावं तशी. भावजींनी तुपात भिजलेला लिंबाएवढा घास तिच्यात बोटानं सारला. विमल म्हणाली, "एकच घास काय देता, भिकाऱ्याला देतात का?" मग दुसरा सारला. वर अक्षता, हळदकुंकू. सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले.

आणि मग तिथंच, पुरणाचं बोट चाटत, भावजी म्हणाले, "वैनी, आता तुमी या गाडीत राणीसारख्या राहा. घराचे कागद मी तयार केलेत. कर्जतला जाऊन सही केली की झालं."

आळी माझ्याकडं बघायला लागली. नाय म्हणावं तर दीर एवढा सोन्यासारखा, लोक मलाच बोलणार. हो म्हणावं तर ओटा गेला.

मी म्हटलं, "भावजी, मला थंडी फार बाधते. शेगडी पेटवून दाखवा. पेटली तर सही करीन."

"हात्तिच्या!" भावजी हसले. "बटण दाबलं की पेटते. तीन दिवस फिरवून आणतो तुमाला. साजगावची जत्रा बघा, ऊब खा, परत येताना कर्जतला सही."

पेटवली त्यांनी लगेच. पेटली नाय. "नवीन जागा हाय, बुजलीय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. कार्तिक होता, भातं कापून झालेली, खळ्यांवर पेंढ्यांच्या उडव्या. जायचं तर तुमीही याच दिवसांत जा. ऊन टोचत नाय आणि रस्त्याला चिखल नसतो. आमच्या वेळी पोशीर ते नेरळ खड्डे इतके की विमलनं गाव सोडायच्या आत डोळे मिटून पदर तोंडाला लावला आणि मागच्या पलंगावर आडवी झाली. त्यामुळं पुढची जागा मला मिळाली.

इथं एक गोष्ट सांगायची राहिली. साहेबाच्या देशात स्टेरिंग डाव्या बाजूला असतं. म्हणजे भावजी डावीकडं बसून गाडी चालवत होते, आणि उजवीकडं, जिथं आपल्याकडं ड्रायव्हर बसतो, तिथं मी. नऊवारीत, कपाळ मोकळं, मांडीवर भाकरीचं फडकं.

नेरळच्या नाक्यावर गाडी हळू झाली. केळीवाला शेजारच्याला म्हणाला, "अरं बघ बघ, बाई चालवतेय!"

"अरं, पण तिचं हात कुठं हायत?"

"भाकरी खातेय!"

मग मी काय केलं असेल? दोन्ही हातांनी भाकरी मोडली आणि मान मागं वळवून विमलशी बोलायला लागले. एक सायकलवाला थेट गटारात गेला. मी हात हलवला त्याला. दोन्ही.

"वैनी, मागं बसा बरं तुमी," भावजी दातओठ खात म्हणाले.

"मागं विमलला कोरड्या उलट्या होतायत. तिच्या मांडीवर बसू?"

कर्जतला वडे खाल्ले. तवाही गरम मिळायचे आणि तवाही लोक म्हणायचे की पूर्वीची चव राहिली नाय. भावजींनी तहसील कचेरीवरनं गाडी मुद्दाम हळू नेली. "बघून ठेवा वैनी, परवा इथंच उतरायचंय." मी बघून ठेवली. दारात कडुलिंबाचं झाड होतं, खाली एक कुत्रं झोपलेलं. त्याच्याएवढी निवांत मी नव्हते.

पुढं पळसदरीच्या रस्त्यानं खोपोली. हा रस्ता सगळ्यात देखणा, एका अंगाला डोंगर, एका अंगाला रुळ. डबा बरोबर असेल तर तिथंच कुठं झाडाखाली खा. खोपोलीच्या हाटेलात जाऊन काय खायचं? आमी तेच केलं. भावजींना मात्र डब्यातलं काही लागेना. गाडी थांबली रे थांबली की ते आत जाऊन बटण दाबायचे. टक, टक. आणि बाहेर येऊन म्हणायचे, "ऊन हाय ना, म्हणून."

साजगावला पोचलो तवा जत्रा भरात होती. देव विठोबा, पण दुकानं सुक्या मासळीची. बोंबील, सुकट, वाकट्या यांचे डोंगर, आणि पलीकडं घाटावरनं आलेल्या घोंगड्यांचे. तुमी गेलात तर घोंगडी जरूर घ्या, हात लावून बघून, टोचेल ती चांगली. मी एक काळी घेतली.

"घोंगडी कशाला?" भावजी चिडले. "शेगडी हाय की! कुणी बघितलं तर काय म्हणेल?"

"पेटली की हिच्यावर भांडी ठेवीन," मी म्हटलं. वर बोंबलाच्या दोन माळा घेतल्या.

गाडी जत्रेच्या कडेला उभी होती आणि तिथं शांताराम मिस्त्री आला. कारखान्यातला फिटर, भावजींच्या हाताखालचा. गळ्यात मफलर, खिशाला टेस्टर. चांगला माणूस, पण साहेबानं 'आज सोमवार' म्हटलं की शनिवारीही 'हो' म्हणणार.

"शांताराम, आतली तांब्याची काडी खराब झालीय. ज्योत ओळखत नाय ती," भावजींनी आधीच सांगून टाकलं.

"साहेब म्हणतात तसंच हाय," मिस्त्री आत न बघताच म्हणाला. मग पालथा पडला, काडी बाहेर काढली, पॉलिश पेपरनं घासली, नाकाला लावून वास घेतला, परत बसवली. काय समजलं वासावरनं, त्याचं त्याला ठाऊक.

भावजींनी बटण दाबून धरलं. टक. टक. भप्प!

काचेत निळी ज्योत उभी राहिली. विमलनं टाळी वाजवली. बाहेर खिडकीशी जमलेले जत्रेकरी ओरडले. त्या ज्योतीत मला ओटा दिसला, आणि ओट्याच्या जागी गिरणीचा पट्टा फिरताना दिसला. आमच्या मालकांची वाकडी भिंत दिसली. हसायचं होतं, तर ओठच हलेनात.

ज्योत पिवळी झाली. मान टाकली तिनं. गेली.

"पेटली होती!" भावजी म्हणाले.

"विझली पण," मी म्हटलं, आणि मला एकदम भूक लागली.

त्यानंतर त्यांनी खूप खटाटोप केले. पेटायची आणि श्वास घ्यायच्या आत मरायची. मिस्त्री म्हणाला, गॅसचा दाब. भावजी म्हणाले, दाब नाय, जात. साहेबाकडचा गॅस वेगळा, आपला वेगळा, शेगडीला सवय नाय. "साहेब म्हणतात तसंच," मिस्त्री म्हणाला.

"मग चुलीला बरी सवय झाली," मी चहा ओतत म्हटलं. "एकाच गावच्या ना दोघी?"

झोपताना भावजी बोंबलावर घसरले. माळा मी आरशाला टांगल्या होत्या. "वैनी, वासानं डोकं उठलं. सकाळी आधी हे गाडीच्या बाहेर टांगा." मी हो म्हटलं. घोंगडी घेतली आणि झोपले. ऊब म्हणाल तर इतकी की पाय बाहेर काढावे लागले.

सकाळी तोंड धुवायला तांब्या घेऊन बाहेर आले, तर गाडीच्या कुशीला मुंग्यांची रांग. खालनं वर, थेट त्या टोपीच्या फटीत. आणि फटीतनं खाली येणाऱ्या प्रत्येकीच्या तोंडात पिवळा कण. मी वाकले. हरभऱ्याची डाळ, गूळ, वेलची. आमच्या विमलच्या हातचं पुरण, दुसरं कुणाचं नाय.

मी तशीच उभी राहिले, तांब्या हातात. आता चुलीचं पुढचं तोंड उघडं ठेवून मागचं धुराडं बुजवलं तर काय होतं, ते सांगायला कुठल्या साहेबाची गरज नाय. धूर कोंडतो, जाळ मरतो. घास शेगडीच्या तोंडात गेलाच नव्हता. तिच्या नाकात गेला होता.

सांगायचं का? तुमी म्हणाल, सांगायला पाहिजे होतं. पण मला कुणी विचारलं होतं? घर द्याल का, हेही विचारलं नव्हतं, शेगडीचं कोण विचारणार? मी बोंबलाच्या दोन्ही माळा आणल्या आणि बाहेर टांगल्या. टांगायला दुसरं काही दिसेना, म्हणून टोपीलाच टांगल्या. भावजींनीच सांगितलं होतं ना?

त्या दिवशी भावजींना नवं सुचलं. चहा घेता घेता ते म्हणाले, "मला कळलं. हिला थंडीच वाजत नाय!"

"कुणाला, विमलला?" मी विचारलं.

"शेगडीला! तिकडं बर्फ असतं. या हवेत तिला वाटतं उन्हाळा हाय. कशाला पेटेल? थंडीत नेली पाहिजे. चला खंडाळ्याला."

"साहेब म्हणतात तसंच," मिस्त्री म्हणाला आणि रजा टाकून गाडीत बसला.

तर वाचकहो, शेगडीला थंडी वाजवायला आमी बोरघाट चढायला लागलो. डोंगरावरनं उतरणारे खोपोलीच्या वीजघराचे जाडजूड पाइप मागं पडले, वळणं सुरू झाली. ट्रकवाले मला बघून बाजूला होत होते. घाटात बाई गाडी चालवतेय, हात मांडीवर, नजर दरीत! अर्ध्या घाटात पुढनं वाफ आली. इंजिन उकळत होतं. भावजी बोनेटवर पाणी ओततायत, मिस्त्री फडकं मारतोय, विमल डोळे मिटून स्तोत्र म्हणतेय.

"भावजी," मी खिडकीतनं डोकं काढून म्हटलं, "जे तापायला नको ते तापलं बघा."

"वैनी, तोंड मिटा!"

"मिटते. एक हाय पण, इथं हात शेकता येतात."

गाडी वळवून न्यूट्रलमध्येच खाली आणली आणि खालापूरला पंपावर उभी केली. खालापूरला बघण्यासारखं काय, असं विचाराल तर त्या दिवशी आमीच होतो. पंपावरचे, ट्रकवाले, कचेरीतनं सुटलेले, सगळे भोवती. प्रत्येकानं शेगडीत डोकं घातलं. एक म्हणाला गॅस संपलाय. दुसरा म्हणाला नळी उलटी लावलीय. तिसऱ्यानं विचारलं, गाडीचं तोंड दक्षिणेला हाय का? भावजींनी गाडी पूर्वेला वळवून बघितली. खरंच वळवली, मी चेष्टा नाय करत.

आणि मग एक ट्रकवाला, दाढीला बांधलेली जाळी सारखी करत, म्हणाला, "वो बाहर का भोंगा देखा क्या? धुएँ का?"

मी चहाचा कप तोंडाशी नेला. त्याचं बोट बरोबर माळांकडं होतं.

भावजी ताठ झाले. "भाईसाब, ये जर्मन चीज है. जर्मन आदमी भोंगे में गडबड नहीं करता."

"लेकिन देखो तो सही."

"क्या देखना? मच्छी लटकी है."

ट्रकवाल्यानं मिस्त्रीकडं बघितलं. मिस्त्रीनं भावजींकडं बघितलं. मला वाटतं, त्या घटकेला शांतारामला कळलं होतं. तो माळांच्या दिशेनं एक पाऊल गेलाही. मी म्हटलं, "मिस्त्रीभाऊ, बोंबील सुटले तर साहेबांनाच परत बांधावे लागतील हां." भावजींनी डोळे वटारले. मिस्त्रीनं पाऊल मागं घेतलं. "साहेब म्हणतात तसंच हाय," तो म्हणाला, पण मफलरच्या आत हसला. ट्रकवाला मान हलवत निघून गेला. मी कप खाली ठेवला तवा बशीत चहा जास्त होता.

मुक्काम पंपाच्या मागं चिंचेखाली केला. तांदळाच्या भाकऱ्या, भाजलेले बोंबील, कांदा. भावजी जेवले नाहीत. खरं सांगायचं तर मला त्यांची कीव आली जराशी. माणूस वाईट नव्हता. त्यांना फक्त असं वाटायचं की बाईमाणूस म्हणजे सामान, या खोलीतनं उचलून त्या खोलीत ठेवता येतं. विमल मात्र माझ्या घोंगडीत शिरली.

"अक्का," ती कुजबुजली, "गिरणीचा आवाज मला नाय सहन होत गं. डोकं दुखतं."

"मग नवऱ्याला सांग."

"त्यांनी विचारलं कुठं?"

आमी दोघी घोंगडीत तोंड खुपसून हसलो.

तिसऱ्या दिवशी चौक गावावरनं कर्जतला आलो. हा रस्ता लांबचा, पण चढ कमी, गाडी तापत नाय. कचेरीसमोर लिंबाखाली उभे राहिलो. तेच कुत्रं, तीच झोप. भावजींनी कागद आणले, दोन साक्षीदार आणले. मिस्त्री शेगडीपाशी पालथा. शेवटचा प्रयत्न.

टक. टक. भप्प. गेली.

"देवाचं काहीतरी राहिलंय," एक साक्षीदार म्हणाला. "पूजा नीट झाली होती का?"

भावजी एकदम उजळले. "नैवेद्य! तीन दिवस झाले, हिला परत घास दिलाच नाय. उपाशी हाय ती!" ते पळत गेले, नाक्यावरनं पेढे घेऊन आले. बोंबलाच्या माळा स्वतःच्या हातानं बाजूला सारल्या, डोळे मिटले, आणि टोपीच्या फटीत पेढा सारला. अंगठ्यानं दाबून, नीट बसेपर्यंत. मुंग्या चावल्या तरी हात मागं घेतला नाय. भक्ती म्हणजे भक्ती.

मी खाली उतरले, पदर सारखा केला आणि हात जोडले. मनापासून जोडले.

त्यानंतर शेगडी टकटक सोडून भप्पसुद्धा करेना.

भावजी घामेजले होते. कार्तिकात. त्यांनी पेन माझ्यापुढं धरलं. "वैनी, पेटली होती ना? साजगावला? सगळ्या जत्रेनं बघितली. दोन श्वास पेटली, पण पेटली! शब्द म्हणजे शब्द."

साक्षीदार माझ्याकडं बघत होते. मिस्त्री माझ्याकडं बघत होता. विमलनं तीन दिवसांत पहिल्यांदा डोळे पूर्ण उघडले होते.

"बरोबर हाय," मी म्हटलं. "शब्द म्हणजे शब्द. आणा."

पेन घेतलं. शाळेत मी सातवीपर्यंत गेले, अक्षर माझं वळणदार हाय. कागदावर, खाली, सही करायच्या जागी, 'स' काढला. सखूबाईचा 'स'. आणि पेन टोपण लावून भावजींच्या खिशात ठेवलं.

"पुढचं?"

"विझलं," मी म्हटलं. "जेवढी पेटली तेवढी केली. पुढची पेटली की पुढची करते."

आधी मिस्त्री हसला. मग साक्षीदार. मग, देवाशपथ, विमल इतकी हसली की कुत्रं उठून दुसऱ्या झाडाखाली गेलं. भावजी लाल झाले, पांढरे झाले, पेढ्यांचा पुडा तिथंच टाकून स्टेरिंगवर बसले. पोशीर येईपर्यंत मी उजव्या बाजूला बसून लोकांना हात हलवत आले.

गिरण शेवटी त्यांनी नेरळच्या बाजूला काढली, चाललीही चांगली. दाराशी गाडी बघितली की त्यांना ताप यायचा. चैत्रात एक दिवस चार माणसं लावून त्यांनी ती ढकलत आणली आणि माझ्या मागच्या परड्यात उभी केली. "ठेवा तुमाला. कोंबड्या घाला." मी नाक मुरडलं, कोंबड्यांना तरी आवडेल का असं विचारलं. ते गेल्यावर दाभण घेऊन टोपी मोकळी केली. पुरणाचे दगड निघाले, अक्षता निघाल्या, पेढा जवळजवळ ताजा होता. आत जाऊन बटण दाबलं. टक. भप्प. अशी सुंदर पेटली की बघत बसले. मग घाम फुटला आणि बंद केली. पुन्हा कधी लागली नाय. आमच्याकडं थंडी असते कुठं?

त्या सहलीतनं काय उरलं? घोंगडी हाय, अजून टोचते. ओटा हाय, ही ओळ लिहिताना मी तिथंच बसलेय, आणि आत्ताच एकीला विचारलं, माहेरी चाललीस का परत आलीस? विमल दुपारची येते, आमी चहा घेतो. तुमी कॅरॅव्हान घेऊन निघालात तर माझा एकच सल्ला: बाहेरच्या तोंडात काही घालू नका, आणि तरीही पेटली नाय तर घोंगडी बरोबर असू द्या. भावजी आता नाहीत. त्यांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाय, त्यांनी विचारलं नाय.

एक गोष्ट मात्र तुमच्यापासनंही चोरून ठेवली. सगळी वाट मी त्या गाडीला नावं ठेवली, वर लिहितानाही ठेवली. वास, पलंग, कोंबड्या. खोटं हाय ते. ती हिरवी गाडी आमच्या रस्त्यावर वळली, मी ओट्यावरनं बघितली, तवापासनं मला ती हवी होती. घर मी देणार नव्हतेच. पण गाडी मला हवी होती.